अवजारांची मांडणी : एक मिस्त्री, एक टूलरूमवाला

वाळूजला पहिल्या पाळीला जायचं आणि संध्याकाळी खोलीवर येऊन शेजारपाजारचे मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायच्या, अशी माणसं छत्रपती संभाजीनगरात गल्लोगल्ली आहेत. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला. त्याच्या आगेमागे सुटे भाग करणारे छोटेमोठे कारखाने उभे राहिले आणि पैठण, गंगापूर, वैजापूरकडच्या शेतकऱ्यांच्या पोरांच्या हाती लेथ आणि ड्रिल आलं. हात तयार झाले, पण त्या हातांना लागणारी हत्यारं ठेवायला घरात जागा कुठे होती? माझा भाचा त्यातलाच. बजाजनगरात भाड्याची एक खोली, आणि ग्राइंडर, ड्रिल, वेल्डिंगचं मशीन, पाने, कानशी असं सगळं पलंगाखाली पोत्यांत. ड्रिल हवं असेल तर आधी तीन पोती बाहेर ओढायची. हत्यार सापडत नाही म्हणून काम उद्यावर जातं, आणि उद्यावर गेलेलं काम बहुधा होत नाही.

त्याला लाकडी मांडणी करायची होती. आमच्या सिडकोतल्या गल्लीत एक जुने सुतारमिस्त्री राहतात, मूळचे पैठणकडचे. मी दोघांना अंगणात समोरासमोर बसवलं. दोघंही आपल्या कामात पक्के, आणि दोघांची मतं दोन टोकांची. घरच्या कारखान्याची मांडणी फसते ती बहुतेकदा करवत हातात घ्यायच्या आधीच, म्हणून हे बोलणं लिहून काढलं.

भाचा : मिस्त्रीकाका, माझं डोक्यात पक्कं आहे. सहा फूट रुंद, साडेसहा फूट उंच. उभे-आडवे पॅलेटच्या पाइनचे, फळ्या एकोणीस एमएम प्लायच्या, सगळीकडे स्क्रू. एका रविवारचं काम.

मिस्त्री : ठेवणार काय तिच्यावर?

भाचा : हत्यारं.

मिस्त्री : ते कळलं रे बाळा. पण कोणतं, केवढं, किती वजनाचं? आधी सामान सांग, मग आपण लाकडाचं बोलू. मापं सांगून मांडणी करायला ती काय खिडकी आहे?

भाच्याला हे एकदम पटलं, कारण कारखान्यात फिक्श्चर करताना तोही आधी जॉब हातात घेतो. पुढच्या खेपेला तो काटा घेऊन आला आणि एकेक वस्तू तोलून वहीत लिहीत गेला. टेबलावरचं छोटं पिलर ड्रिल वीस किलोच्या पुढे निघालं, ते अपेक्षितच होतं. थक्क केलं ते नटबोल्टच्या डब्यानं. पाच लिटरचा तेलाचा डबा नटबोल्टनी काठोकाठ भरला तर अठरा-वीस किलो भरतो. असे चार डबे त्यानं वरच्या फळीवर योजले होते, डोक्याच्या उंचीवर, ‘बारीक सामान’ म्हणून.

मिस्त्री : बारीक सामान खाली आणि पोकळ सामान वर. पंख्याच्या पाती, वायरची भेंडोळी, रिकामे खोके जाऊ दे वर. खिळे-बोल्ट गुडघ्याच्या खाली.

भाचा : आणि रोज लागतं ते कमरेपासून छातीपर्यंत. कारखान्यात आम्हाला हेच शिकवतात, काका. वजन उचलायचं तर कंबरेच्या उंचीवरून. तिथं माणसाला वाकायला लागत नाही आणि हातही वर जात नाही.

इथवर दोघांचं जमलं. ठिणगी पडली ती फळीवरून. भाच्याला मध्ये एकच उभा देऊन तीन-तीन फुटांचे दोन खण हवे होते, कारण लांब वस्तू मोकळ्या राहतात. मिस्त्रींनी मान हलवली. बोलून निकाल लागेना, तेव्हा अंगणातच परीक्षा झाली. एकोणीस एमएम प्लायची फूटभर रुंद पट्टी दोन विटांवर ठेवली, विटांमधलं अंतर तीन फूट. मधोमध पाण्याचा वीस लिटरचा भरलेला जार. खालून दोरा ताणून भाच्यानं स्टीलची पट्टी लावली, तर जवळपास तीन मिलिमीटर वाक. विटा सरकवून अंतर दीड फूट केलं आणि तोच जार तसाच ठेवला. वाक इतका कमी झाला की पट्टीवर धड वाचता येईना.

भाचा : हिशेबानं आलंच ते. वजन तेच असेल आणि अंतर निम्मं केलं, तर वाक आठपट कमी होतो. अंतराचा घन लागतो त्यात. फळीची जाडी दुप्पट केली तरी आठपट फरक.

मिस्त्री : घन वगैरे मला नाही सांगता येणार. पण खण दीड फुटाचा केलास तर तुझं वेल्डिंग मशीन केबलसकट कुठं बसणार? अंतर राहू दे तीन फूट. ही पट्टी घे.

त्यांनी दोन इंच रुंद, पाऊण इंच जाडीची सागाची पट्टी फळीच्या पुढच्या कडेखाली उभी धरली, आडवी नव्हे, आणि चार स्क्रूंनी आवळली. पुन्हा तीन फूट अंतर, पुन्हा तोच जार. वाक निम्म्याहूनही कमी. पट्टीचं लाकूड तेवढंच असतं; आडवी लावली तर तिचा फारसा उपयोग नाही, उभी लावली की ती जवळजवळ दुसऱ्या फळीचं काम करते. घराच्या छताची तुळई उभट का असते, त्याचंही हेच कारण. ही पट्टी कडेखाली न धरता कडेच्या पुढून लावली आणि फळीच्या वर अर्धा इंच काढून ठेवली तर तीच कठडा होते आणि गोल वस्तू घरंगळून खाली येत नाहीत.

मिस्त्री : आणि आजचा वाक बघून खूश होऊ नको. दिवाळीतला बघ. लाकडावर वजन कायमचं बसलं की ते हळूहळू आणखी खाली येत राहतं. महिन्याभरानं वजन काढलंस तरी सगळं परत येत नाही.

भाच्यानं हे वहीत लिहून घेतलं, अधोरेखित करून. मला वाटतं, मांडणीच्या सगळ्या मापांत हे एक माप चुकलं तर पुढचं सगळं सुबक काम वाया जातं. फळीचा पल्ला आणि फळीखालची उभी पट्टी यांवर जितका वेळ जाईल तितका थोडा.

मग लाकूड निघालं.

मिस्त्री : उभे-आडवे सागाचे. तीन-दोनचा दांडा. त्यात तडजोड नाही.

भाचा : काका, परवडायला नको? वाळूजमध्ये परदेशातून मशीन येतं ते पाइनच्या खोक्यात आणि पॅलेटवर येतं. भंगारवाल्याकडे ते लाकूड किती स्वस्त पडतं! शिवाय ते तापवून आलेलं असतं. हा शिक्का बघा.

शिक्क्याची गोष्ट जाणून घेण्याजोगी आहे. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून २००२ साली आंतरराष्ट्रीय नियम ठरला. पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह, देशाची खूण आणि प्रक्रियेची दोन अक्षरं डागलेली असतात. ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवलेलं आहे. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला आहे; हा वायू विषारी आहे, आणि असं लाकूड घरात आणू नये. शिक्काच नसेल, किंवा लाकडावर तेलाचे, रसायनाचे डाग असतील, तर तेही तिथंच सोडावं.

मिस्त्री : तापवलं म्हणजे आतली कीड मेली. उद्या बाहेरून वाळवी येणार नाही असं कुणी लिहून दिलंय का त्या शिक्क्यात?

भाचा : ...नाही.

मिस्त्री : मग? पाइन मऊ. वाळवीला ते आधी दिसतं. तुझी खोली तळमजल्यावर, भिंत ओलसर. साग का म्हणतो मी, तर त्याच्यात तेल आहे. पण तेही सगळ्या सागात नसतं. कडेचा पांढरा भाग वाळवी खातेच. वखारीत गेलास तर पांढरा भाग दिसतोय तो दांडा बाजूला काढ, वखारवाला काहीही सांगो.

भाचा : म्हणजे महागही आणि निवडूनही घ्यायचं.

मिस्त्री : जुनं घे. शहरात वाडे पडतायत, त्यांचे वासे, चौकटी वखारीत येतात. शंभर उन्हाळे-पावसाळे बघितलेलं लाकूड, ते आता काय वाकणार? फक्त आत मोडलेला खिळा राहिला नाही ना, एवढं बघ. नाहीतर करवतीचे दात जातील.

या बाबतीत मी मिस्त्रींच्या बाजूचा. मराठवाड्यातला उन्हाळा लाकूड कोरडं ठणठणीत करतो आणि जुलैच्या दमट हवेत तेच लाकूड फुगतं. लांबीत नाही, रुंदीत. अर्धवट वाळलेल्या नव्या लाकडाची रुंद फळी दोन्ही कडांना घट्ट जखडली तर ती चिरते, नाहीतर होडीसारखी वळते. म्हणून फळ्यांना प्लाय बरं. त्याचे थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले असल्यामुळे ते फारसं हलत नाही. ओलीची भीती असेल तिथं आयएस ७१० चा शिक्का असलेलं प्लाय घ्यावं, कोरड्या खोलीला आयएस ३०३ चं चालतं. सांगाडा सागाचा, फळ्या प्लायच्या, आणि पॅलेटच्या पाइनचे खण, ट्रे, हत्यारं टांगायचा फळा. भाच्याचं पाइनही वापरात आलं, जिथं वजनही नाही आणि जमीनही नाही अशा जागी.

खरा वाद सांध्यांवर झाला. मिस्त्रींना प्रत्येक जोडाला कुसू हवा होता : आडव्याच्या टोकाला जीभ काढायची, उभ्यात पटाशीनं खाच कोरायची आणि एकात दुसरं बसवायचं. भाचा ऐकेना.

भाचा : काका, मी भाड्यानं राहतो. अकरा महिन्यांचा करार असतो. ठेकेदार बदलला की कामाची जागा बदलते, उद्या वाळूजचं शेंद्र्याला गेलं तर खोली बदलावी लागेल. ही रॅक छोट्या टेम्पोत गेली पाहिजे. तुमचा कुसू फेविकॉल लावून ठोकला की ती कायमची. दारातून बाहेरच निघणार नाही. माझ्यासारख्याला कायमचं काही परवडत नाही.

शेवटचं वाक्य तो सहज बोलून गेला. पण या शहराच्या औद्योगिक वसाहतींत निम्मं आयुष्य काढलेल्या माणसाला त्यातलं वजन कळतं. मिस्त्री थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी वेरूळ काढलं.

मिस्त्री : वेरूळला दहा नंबरचं लेणं पाहिलंस? विश्वकर्म्याचं. आमचे लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. आत मान वर करून बघ. छताला वाशांसारख्या कमानी आहेत, एकामागं एक. सगळा दगड, पण आकार लाकडाचा. जोडकाम कसं असावं ते दगड घडवणाऱ्यांनीही सुताराकडून घेतलं.

भाचा : पाहिलंय, शाळेच्या सहलीत. पण काका, एक विचारू? ते वासे वजन कशाचं पेलतात? वर अख्खा डोंगर आहे आणि तो आपला आपण उभा आहे. ते वासे काढून टाकले तरी लेणं पडणार नाही. लाकडी घरात त्यांना काम होतं; दगडात आल्यावर नुसता आकार राहिला. मला रॅकमध्ये असा वासा नकोय.

हे उत्तर मला विलक्षण वाटलं. सातव्या-आठव्या शतकातल्या त्या चैत्यगृहात मीही कितीदा उभा राहिलो आहे, पण वाशांना असा प्रश्न कधी विचारला नव्हता. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर दगडी छताला खऱ्या लाकडाच्या कमानी बसवल्या आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षं त्या तिथं टिकून आहेत. त्याही डोंगर पेलत नाहीत. मिस्त्रींनी वाद घातला नाही. ते उठून घरात गेले आणि येताना लाकडाचे दोन तुकडे आणि एक पाचर घेऊन आले.

मिस्त्री : हे घे. कुसू म्हटलं की तुला फेविकॉलच दिसतो. बैलगाडीच्या जुवातली शिवळ बघितलीस ना? रोज काढायची, रोज घालायची. हाही तसाच. कुसू उभ्याच्या आरपार काढायचा, पलीकडे दोन-अडीच इंच बाहेर. बाहेर आलेल्या भागाला भोक, भोकात पाचर. ठोकली की आवळतो, उलटीकडून ठोकली की सुटतो. स्क्रू नाही, डिंक नाही.

भाच्यानं तुकडे हातात घेऊन जोडले, सोडले, पुन्हा जोडले. मग त्यानं भोकाकडे निरखून पाहिलं.

भाचा : भोकाची आतली कड उभ्याच्या पृष्ठभागाच्या थोडी आत गेलीय.

मिस्त्री : तीच तर खुबी. भोक बरोबर कडेला पाडलं तर पाचर भोकातच अडकते आणि सांधा ढिला राहतो. सुताभर आत घेतलं की पाचर उभ्याला दाबते आणि आडवं ओढून घेते. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की हातोडीचा एक ठोका दे, पुन्हा घट्ट. तुझा बोल्ट आवळत राहिलास तर वॉशर लाकडात रुतत जाईल. आणि स्क्रू दोनदा काढून घातलास की त्याचं भोक खाऊन जातं.

भाचा : खरंय. आणि दांड्याच्या टोकात, रेषांच्या दिशेनं घातलेला स्क्रू तसाही धरत नाही. मी तिथंच घालणार होतो. पण पाचरीच्या भोकापुढे लाकूड किती ठेवायचं? कमी राहिलं तर पाचर ठोकताना तेवढा तुकडा रेषेतून उडून जाईल.

मिस्त्री : दीड इंच तरी. म्हणून म्हणतो सागच पाहिजे. पाइनमध्ये हा सांधा करू नये.

इथं दोघांनाही आपापली जागा थोडी सोडावी लागली. भाच्याला वाटत होतं जुनं काम म्हणजे कायमचं काम, आणि मिस्त्रींना वाटत होतं सोडता येणारं ते कच्चं. पाचरीच्या सांध्यापुढे दोन्ही समजुती टिकल्या नाहीत. सांगाड्याचे आठ आडवे पाचरीचे करायचे, फळ्या नुसत्या वरून ठेवायच्या, असं ठरलं.

पण उभे-आडवे कितीही पक्के असले तरी चौकट चौकोनी राहायला तयार नसते. बाजूनं धक्का दिला की ती तिरकी कलते. पाचर तिला रोखत नाही. तिरपा आधार द्या किंवा पाठीमागे पूर्ण प्लाय ठोका, याशिवाय उपाय नाही. भाच्यानं दोन पातळ लोखंडी पट्ट्या फुलीसारख्या, टोकांना बोल्टनं, असं सुचवलं आणि मिस्त्रींनी ते मान्य केलं. दौलताबादच्या किल्ल्याचे दरवाजे लाकडाचेच आहेत आणि त्यांच्यावर लोखंडी सुळे आहेत. ज्याचं काम त्याला द्यावं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. फुली आवळण्याआधी मात्र दोन्ही कर्ण मोजायचे. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात दोरा, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही मापं सारखी आली की चौकट काटकोनात आहे. गुण्या एका कोपऱ्याचंच खरं सांगतो, कर्ण चारही कोपऱ्यांचं. भिंतीला भोक पाडायला घरमालकाची परवानगी नव्हती, म्हणून खालचा खण दीड फूट खोल, वरचे एक फूट, आणि चारही जड डबे तळाला. तरीही वरच्या आडव्यातून भिंतीत एक बोल्ट गेलाच पाहिजे, हे मिस्त्रींनी भाच्याकडून कबूल करून घेतलं. खोलीत लहान मूल येणार असेल तर त्यात हयगय नको. घरमालकाशी बोलायचं काम माझ्याकडे आलं.

शेवटी हत्यारं टांगायचा फळा. भाच्याला त्यावर कारखान्यासारखी प्रत्येक हत्याराची आकृती रंगवायची होती, म्हणजे कोणतं जागेवर नाही ते लांबूनच दिसतं.

मिस्त्री : रंगवू नको. हत्याराची जागा काम ठरवतं. आज मोटारी भरतोयस, पाने पुढे पाहिजेत. उद्या कुणाचं दार आलं तर पटाशी पुढे. आकृती रंगवलीस की तू तिचा बांधील झालास.

भाचा : पण लाइट गेल्यावर हात कुठे घालायचा? ज्याची जागा ठरलेली नाही ते हत्यार हरवतंच. आमच्याकडे एक पाना मशीनमध्ये विसरला तर काय होतं, ते मी पाहिलंय.

मिस्त्री : तुझ्याकडे एका यंत्रावर तीन पाळ्यांतली तीन माणसं. इथं तू एकटा.

मला दोघांचंही खरं वाटलं. ज्या खोलीत एकच माणूस काम करतो तिथं शिस्त त्याच्या हाताच्या सवयीतून येते, आणि सवय बसायला काही महिने जावे लागतात. तोवर खडूनं आकृत्या काढाव्या असं मी सुचवलं. त्यावर मिस्त्री म्हणाले, चालेल. भाचा म्हणाला, सहा महिन्यांनी रंगवणार. तो मुद्दा तसाच राहिला आहे.

जुने दांडे वखारीतून आले आहेत आणि बजाजनगरच्या खोलीत भिंतीला टेकून उभे आहेत. मिस्त्रींनी पंधरा दिवस करवत लावायला मनाई केली आहे. लाकडाला त्या खोलीची हवा लागू दे म्हणतात. तेवढ्यात पायांना काय लावायचं यावर पुन्हा जुंपली आहे. मिस्त्री जवसाच्या तेलावर ठाम आहेत, भाचा इंजिनाचं जळकं ऑइल म्हणतो, कारण ते फुकट मिळतं. बंद खोलीत झोपायचं तर जळक्या ऑइलचा वास आणि त्यातली घाण नको, या बाबतीत मी मिस्त्रींकडे. जवसाचं तेल लावलेली फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवायची किंवा पाण्यात बुडवून मग फेकायची. हे भाच्याला ठाऊक नव्हतं. मिस्त्रींनी ते त्याच्या वहीत, त्याच्याच हातानं, लिहून घ्यायला लावलं.